इंजिन बदललं, तरी गाडी त्रास देतेय? शोध कुठून सुरू करायचा

खानदेशात इंजिन बसण्याचे, म्हणजे तापून निकामी होण्याचे, दिवस म्हणजे एप्रिल आणि मे. जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकला, की रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरलेल्या आणि पंखा अर्धवट फिरणाऱ्या गाड्या दोरीने ओढत गॅरेजच्या दारात येऊ लागतात. कुणाचं हेड वाकलेलं असतं, कुणाचे पिस्टन चिकटलेले. मालक पोटाला चिमटा काढून दुसरं इंजिन टाकतो. गाडी सुरू होते, पेढे वाटले जातात. पंधरा दिवसांत मात्र ती झटके मारायला लागते, तापते, अ‍ॅव्हरेज देत नाही, नाहीतर भर उन्हात बंद पडून तासाभराने आपोआप सुरू होते. मग मालक म्हणतो इंजिन खराब दिलं, इंजिन देणारा म्हणतो फिटिंग चुकलं, आणि मिस्त्री म्हणतो, "भाऊ, इंजिन मस्त शे, गाडीच जुनी आहे."

अशा वेळी तिघांपैकी कुणावरही लगेच विश्वास ठेवू नका. संशयाचा क्रम मी सांगतो तसा धरा. इंजिन काढताना आणि बसवताना जे जे सुटलं आणि पुन्हा जोडलं गेलं, त्यावर पहिला संशय घ्या. जुन्या गाडीतलं जे जे न बदलता तसंच राहिलं, त्यावर दुसरा. नव्याने आलेल्या इंजिनवर सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला, की पुन्हा इंजिन खोललं जातं, पुन्हा पैसे जातात आणि गाडी होती तिथेच राहते.

गॅरेजला जाण्याआधी घरी करायचं काम

आधी लक्षण कागदावर लिहा. "पिकअप नाही" एवढं सांगून कुणालाच काही कळत नाही. "सकाळी थंड गाडी चांगली चालते. पारोळ्याहून धुळ्याकडे निघालो, की वीसेक किलोमीटरनंतर, एसी चालू असताना, तिसऱ्या गिअरमध्ये झटके बसतात. एसी बंद केला की कमी होतात," असं सांगितलं तर चांगल्या मिस्त्रीचं अर्धं काम तिथेच होतं. त्रास थंड असताना होतो की गरम झाल्यावर, उभ्या गाडीत की चालत्या, सपाटीवर की घाटात, टाकी भरलेली असताना की रिकामी, एवढ्या गोष्टी नोंदवा. तापमानाचा काटा त्या वेळी कुठे होता, डॅशबोर्डवर कोणता दिवा लागला, धूर कोणत्या रंगाचा होता, हेही लिहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. पांढरा आणि गोडसर वासाचा असेल तर कूलंट जळतंय.

दुसरं, जुनं इंजिन नेमकं कशाने गेलं होतं, याचं उत्तर मिळवा. हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि बहुतेक वेळा दुखण्याचं मूळ तिथेच असतं. ते तापून गेलं असेल, तर रेडिएटर, पंखा, रिले आणि पाइप अजून तेच आहेत ना? ऑइल खाऊन गेलं असेल, तर त्या ऑइलने सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर शुद्ध करणारा जाळीदार डबा, काजळीने भरलेला असणार. टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) फुटून गेलं असेल, तर इंटरकूलरमध्ये (ती हवा गार करणाऱ्या जाळीत) आणि त्याच्या पाइपात ऑइल आणि धातूचा चुरा साचलेला असतो. तो धुतला नाही, तर नवं इंजिन पहिल्या दिवसापासून तोच चुरा ओढतं.

तिसरं, जुनं इंजिन लगेच भंगारात देऊ नका. निदान महिनाभर गॅरेजच्या कोपऱ्यात पडू द्या. त्यावरचे सेन्सर, ब्रॅकेट, फ्लायव्हील आणि इंजेक्टर ताडून पाहायला लागतात.

आलेलं इंजिन या गाडीचंच आहे का?

कुर्ल्याच्या भंगार बाजारातून येवो की कुठल्या अपघाती गाडीतून, बाहेरून दोन इंजिनं सारखी दिसतात म्हणून ती सारखी नसतात. एकाच कंपनीच्या एकाच सीसीच्या इंजिनात धुराच्या सरकारी नियमांप्रमाणे बीएस-३, बीएस-४ आणि बीएस-६ असे फरक असतात. सेन्सरची संख्या वेगळी, क्रँकवरच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यावरच्या) दातांच्या चाकाची रचना वेगळी, इंजेक्टर वेगळे. गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, जुन्याच इंजिनाच्या हिशोबाने काम करतो. त्याला अपेक्षित खूण मिळाली नाही, की तो इंधन आणि ठिणगी चुकीच्या वेळी देतो. म्हणून आलेल्या इंजिनाचा नंबर, जुन्या इंजिनाचा नंबर आणि सेन्सरवर छापलेले पार्ट नंबर शेजारी शेजारी लिहून ताडा. शंका असेल तिथे जुन्या इंजिनवरचा चांगला सेन्सर काढून नव्यावर बसवणं हा सोपा आणि स्वस्त उपाय आहे.

डिझेल कॉमन रेल गाड्यांत (एकाच सामायिक नळीतून सगळ्या इंजेक्टरांना दाबाने डिझेल देणाऱ्या) आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. अनेक इंजेक्टरांच्या डोक्यावर अक्षरं आणि आकड्यांचा एक कोड कोरलेला असतो. प्रत्येक इंजेक्टर किती डिझेल सोडतो याची ती खूण आहे, आणि ज्या गाड्यांत ती व्यवस्था आहे तिथे तो कोड स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो. इंजिनासोबत दुसऱ्या गाडीचे इंजेक्टर आले आणि कोड जुनेच राहिले, तर इंजिन खडखडतं, आयडलिंगला (रेस न देता नुसतं चालू असताना) थरथरतं, धूर टाकतं. लोक पंप बदलतात, इंजेक्टर पुन्हा टेस्टिंगला देतात. काम मात्र स्कॅनरवर थोड्या वेळात होण्यासारखं असतं.

पहिली पायरी: बॅटरी आणि अर्थिंग

हे सगळ्यात आधी करा, कारण यात काही खोलावं लागत नाही. साधा मल्टिमीटर पुरे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास मिळायला हवं. सेल्फ मारताना ते साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावं.

आता अर्थिंग. इंजिन उचलताना इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी जाड पट्टी किंवा केबल सोडावी लागते. ती परत लावायची राहते, किंवा गंजलेल्या, रंग लागलेल्या जागी लावली जाते. मग सेल्फचा सगळा करंट वाट मिळेल तिकडून जातो, कधी गिअरच्या केबलमधून, कधी सेन्सरच्या बारीक वायरमधून. सेन्सरचं काम अर्ध्या व्होल्टच्या फरकावर चालतं, त्यामुळे अर्थिंग ढिली असली की स्कॅनरवर वेगवेगळे पाच-सहा दोष दिसतात आणि मिस्त्री पाच-सहा सेन्सर बदलायला सांगतो.

तपासायचं असं: मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. मदतनिसाला सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थिंग कमी पडतेय. बोल्ट काढा, पॉलिश पेपरने धातू चमकवा, घट्ट आवळा, पुन्हा मोजा. जुनी पट्टी तुटत आली असेल तर नवी लावा. ती महाग नसते.

याच वेळी वायरिंगवरून हात फिरवा. इंजिन खाली उतरताना हार्नेस (वायरींचा जुडगा) माउंटिंगखाली (इंजिन ज्या टेकूंवर बसतं त्यांच्याखाली) दबतो, एखादी वायर एक्झॉस्टला टेकून वितळते. गाडी इंजिनाची वाट पाहत दोन-तीन महिने शेतात किंवा गोडाऊनजवळ उभी असेल, तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरी शोधाच. कापणीनंतरच्या दिवसांत उंदरांना बोनेटखालच्या उबदार जागेसारखी जागा मिळत नाही. प्रत्येक कनेक्टर काढून पिना वाकल्या आहेत का, हिरवट गंज आहे का, टक आवाज करून बसतो का, ते पाहा. सारख्या आकाराचे दोन कनेक्टर अदलाबदल झालेलेही सापडतात, विशेषतः पुढचा आणि मागचा ऑक्सिजन सेन्सर.

दुसरी पायरी: स्कॅनर लावा, पण कोड वाचून पार्ट बदलू नका

ओबीडी स्कॅनर, म्हणजे ईसीयूने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, आता तालुक्याच्या गावातही मिळतो. कोड वाचणं सोपं आहे, त्याचा अर्थ लावणं महत्त्वाचं. पी०१७१ आला म्हणजे ऑक्सिजन सेन्सर खराब झाला असं नाही; हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय, एवढंच तो सांगतो. इंजिन बदलल्यानंतर याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे कुठून तरी चोरून आत जाणारी हवा. इनटेक मॅनिफोल्डचं गॅसकेट, ब्रेक बूस्टरचा पाइप, पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत आत नेणारा) रबरी पाइप, एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतच्या नळीतली भेग, या जागा बघा.

लाइव्ह डेटात फ्युएल ट्रिम पाहा, म्हणजे ईसीयू इंधन किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय ते. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म, दोन्ही ट्रिम मिळून शून्याच्या आसपास, उणे-अधिक १० टक्क्यांच्या आत असावी. आयडलिंगला ती अधिक २० आणि २,५०० आरपीएमला जवळजवळ नॉर्मल होत असेल, तर हवेची गळती समजा. उलट रेस वाढवल्यावर, भार आल्यावर अधिक होत असेल, तर इंधनच पुरत नाही: फिल्टर चोंदलेला, पंप थकलेला किंवा एअरफ्लो सेन्सर मळलेला. गळती शोधायला स्मोक मशीन सर्वांत चांगलं. गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल किंवा ज्वलनशील स्प्रे मारून शोधण्याची पद्धत अजून दिसते. ती बंद व्हायला हवी, त्यात गाडीने पेट घेण्याचा धोका असतो. डिझेलमध्ये इंटरकूलरचा पाइप क्लिपमधून सटकला, की पिकअप जातो आणि काळा धूर निघतो. साबणाचं पाणी लावून रेस दिली, की फुगे दिसतात.

पी०३०१, पी०३०२ असे कोड म्हणजे त्या त्या नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग, तिथे इंधन नीट पेटत नाही. ठिणगी देणारी कॉइल शेजारच्या सिलिंडरवर टाकून बघा. दोष कॉइलसोबत सरकला तर कॉइल, नाही सरकला तर प्लग, इंजेक्टर, आणि मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब).

गरम झाल्यावर बंद पडून गार झाल्यावर सुरू होणारी गाडी मे महिन्यात फार येते. बंद पडलेल्या अवस्थेत सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम पाहा. सेल्फ फिरतोय आणि आरपीएम शून्य, म्हणजे क्रँक सेन्सर किंवा त्याची वायरिंग. हे फक्त त्या क्षणी सापडतं, गाडी गार झाल्यावर नाही, म्हणून स्कॅनर सोबत घेऊनच चालवायला निघा.

पी००१६ आला, तर मात्र थांबा. क्रँक आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचा मेळ बसत नाही, म्हणजे बेल्ट किंवा चेन एक दात चुकली असू शकते. दुसरं इंजिन बसवताना मिस्त्रीने चेन बदलली असेल, तर ही शक्यता चांगलीच असते. अशी गाडी "चालतेय ना" म्हणून चालवत राहू नका. बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये अंतर इतकं कमी असतं, की टायमिंग आणखी सरकलं तर ते एकमेकांवर आदळतात. टायमिंगच्या खुणा किंवा लॉक करण्याच्या पिना लावून खात्री करून घ्या.

तिसरी पायरी: कूलिंग, इथे घाई करू नका

आपल्या भागात यावर जेवढं लक्ष द्याल तेवढं थोडं.

नव्या इंजिनात कूलंट भरल्यावर हवा अडकते. काटा अचानक वर जातो, अचानक खाली येतो, हीटर लावला तर गार हवा येते. याचा अर्थ हवा काढलेली नाही. गाडी थोडी पुढून उंच उभी करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, ब्लीड स्क्रू असेल तर तो उघडा, आणि सगळे बुडबुडे संपून पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवा. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं आणि झाकण सैल होताच उसळून चेहऱ्यावर येतं.

पाणी कोणतं? बोअरचं नाही, विहिरीचंही नाही. जड पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनच्या वॉटर जॅकेटमध्ये पापुद्रा धरतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कंपनीने सांगितलेला कूलंट, बहुतेक गाड्यांत निम्मे-निम्मे. जुना रेडिएटर बाहेरून स्वच्छ दिसला तरी आतून अर्धा बंद असू शकतो. गाडी गरम असताना रेडिएटरच्या जाळीवर वरून खाली थर्मामीटर गन फिरवली, की थंड पट्टे कळतात. तिथे पाणी फिरत नाही. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत बघायला विसरू नका. कपाशीच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यांवर धावलेल्या गाड्यांत तिथे कापसाचे तंतू आणि धूळ मिळून गोधडीसारखा थर बसतो. बाहेरून पाइपाने पाणी मारून तो निघत नाही, दोन्ही वेगळे करूनच साफ करावा लागतो.

आता थर्मोस्टॅटबद्दल, म्हणजे इंजिन पुरेसं तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणाऱ्या झडपेबद्दल. "इकडे ऊन फार, काढून टाक" हा सल्ला जळगावपासून नंदुरबारपर्यंत सर्रास दिला जातो, आणि मी त्याच्या पूर्ण विरोधात आहे. थर्मोस्टॅट काढला की इंजिन नेमक्या तापमानाला येत नाही. ईसीयूला वाटतं गाडी अजून थंड आहे, तो जास्त इंधन ओततो, अ‍ॅव्हरेज पडतं, प्लग काळे होतात, ऑइल पातळ होतं, पी०१२८ कोड येतो. थर्मोस्टॅट असताना गाडी तापत असेल, तर रेडिएटर, पंखा, वॉटर पंप किंवा झाकण यातलं काही तरी कमी पडतंय, ते शोधा. नवीन थर्मोस्टॅट बसवण्याआधी गरम पाण्याच्या भांड्यात टाकून त्यावर छापलेल्या तापमानाला उघडतो का, ते बघून घ्या.

थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा पाइप दगडासारखा कडक होत असेल आणि टाकीत सतत बुडबुडे येत असतील, तर जळलेला वायू कूलंटमध्ये शिरतोय. हेडगॅसकेट (हेड आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामधली पट्टी) किंवा हेडला तडा. केमिकल टेस्टच्या निळ्या द्रवाचा रंग पेट्रोल गाडीत पिवळा होतो आणि खात्री पटते. हा दोष आलेल्या इंजिनाचा आहे, आणि हे कळलं त्याच दिवशी देणाऱ्याला कळवा.

गाडीत तसेच राहिलेले जुने भाग

झटके, धूर, तापणं काही नाही, पण गाडीला दम नाही, चाळीसगावहून कन्नडच्या घाटात दुसऱ्या गिअरलाही कण्हते, असं असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तपासा. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावा. २,५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या वर दाब दिसला, तर वाट तुंबलेली आहे. बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफही (काजळी अडवणारा फिल्टर) बघायला हवा. टर्बोला ऑइल नेणाऱ्या नळीच्या बोल्टमधली बारीक जाळी नवं इंजिन बसवताना साफ करायलाच हवी. ती राहिली असेल तर आजच करा, नाहीतर टर्बो जाईल.

थरथर असेल तर माउंटिंग. सगळे बोल्ट ढिले करून, इंजिन चालू करून बंद करून त्याला आपोआप बसू द्यायचं, मग आवळायचे. क्लच आवाज करत असेल किंवा ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर पूर्ण आत बसला नसेल, तर गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही.

आता इंजिन

एवढं सगळं झाल्यावर कॉम्प्रेशन. पेट्रोलला कंपनीचा आकडा महत्त्वाचा, पण सिलिंडरांमधला फरक त्याहून महत्त्वाचा. तो १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्या. वाढलं तर रिंग, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. ही ऑइलची युक्ती डिझेलवर करायची नाही. तिथे लीक-डाऊन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती आणि कुठून गळते ते पाहणं) करून घ्या. सगळ्या सिलिंडरांत सारखंच कमी कॉम्प्रेशन आलं, तर रिंगांआधी टायमिंग पुन्हा बघा.

एका वेळी एकच गोष्ट बदला, बदलल्यावर त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, एसी लावून गाडी चालवा. बॅटरी काढली असेल तर ईसीयूने चालता चालता शिकलेलं पुसलेलं असतं. पन्नास-शंभर किलोमीटर मिश्र चालवल्याशिवाय निकाल देऊ नका.

पैसे, कागद आणि आरटीओ

इंजिन देणारा आणि बसवणारा यांच्याकडून वेगवेगळं बिल घ्या, त्यावर इंजिन नंबर आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या. त्रास सुरू झाला की तोंडी न सांगता व्हॉट्सअ‍ॅपवर तारखेसह लिहा, व्हिडिओ पाठवा. पहिल्या गॅरेजला लेखी कळवल्याशिवाय दुसऱ्याकडे इंजिन खोलू नका, कारण मग दोष कुणाचा हे सिद्ध करणं अवघड जातं. दुसऱ्याकडून फक्त तपासणी करून, आकड्यांसह लेखी अहवाल घ्या. ऐकत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा, आणि तरीही मार्ग निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं आहे, आणि तुम्ही दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही.

आरटीओचं काम अनेक जण टाळतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्यापासून १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसीवर नवा नंबर चढवायचा असतो. जळगावची एमएच-१९ असो, धुळ्याची एमएच-१८ असो की नंदुरबारची एमएच-३९, नियम एकच. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती आधी घ्या. इंजिन नंबर जुळत नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी अडवणूक करू शकते, म्हणून आरसी झाली की विम्यातही नंबर बदलून घ्या. जुनं इंजिन विकत घेतानाच बिलासोबत ते ज्या गाडीचं होतं तिच्या आरसीची प्रत मागा. द्यायला टाळाटाळ केली तर ते इंजिन घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी. नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा इंजिन खाली बसवण्याआधीच घेऊन ठेवा. बऱ्याच गाड्यांत बसवल्यावर तिथे हात पोहोचत नाही.